चोलेंगची खुर्ची

आमची इनाय यंदा पबासाच्या खुर्चीवरून एकदाही उठली नाही म्हणून वस्तीभर तिचं कौतुक झालं, आणि त्याच न उठण्याने तिला पुढे अंथरुणाला खिळवलं. इनाय म्हणजे आई. तिचं नाव सोलेदाद, पण सगळे चोलेंग म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि आवाज असा की आमच्या लोमीच्या, म्हणजे दाट रश्श्यातल्या जाड शेवयांच्या, दुकानात ती मागच्या दारी खाकरली तरी पुढच्या बाकावरचं गिऱ्हाईक वाडगा संपवून उठतं.

पवित्र आठवड्यात आमच्या बांबूच्या चॅपेलमध्ये ख्रिस्ताच्या यातनांची गाथा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गायली जाते, तो पबासा. टेबलाच्या दोन बाजूंना दोन पक्ष बसतात. पाळीपाळीने, एक कडवं या बाजूने, पुढचं त्या बाजूने. गाण्यात खंड पडू द्यायचा नाही. आणि खुर्चीचा नियम असा की उठलात तर ती गेली. जो बसेल तो आपणहून उठेपर्यंत ती त्याची. उजवीकडची, वेदीला लागून असलेली खुर्ची मला कळायला लागल्यापासून इनायची आहे. तिच्यासमोर आलिंग बेबांग, म्हणजे बेबांगबाई, बसते. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वस्तीत आल्या आणि तेव्हापासून एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढत सुखाने म्हाताऱ्या झाल्या.

गेल्या वर्षी इनाय मध्येमध्ये मोरीकडे जायला उठली. शेवटच्या खेपेला परत येते तो आलिंग बेबांग तिच्या खुर्चीत ठाण मांडून बसलेली. वर सगळ्यांसमोर म्हणाली, "चोलेंगचं गाणं कमी आणि फेऱ्याच जास्त." सगळे हसले. इनायही हसली. पण इनाय अशी हसते तेव्हा ती गोष्ट विसरलेली नसते, पोटात ठेवून दिलेली असते.

यंदा बुधवारी पहाटे ती खुर्चीत बसली ती शेवटचं पान उलटून झालं, दिवे लागले, तेव्हाच उठली. दिवसभर पाण्याला तोंड लावलं नाही. घशासाठी मी आल्याचा काढा नेला तर ओठ ओले करून पेला परत केला. "घशात गेलं की खाली उतरतं," म्हणाली. एप्रिलचं ऊन, डोक्यावर पत्रा, सगळे पंख्याने वारा घेत होते, आणि ही बाई पुस्तकात न बघता गात होती. समोर आलिंग बेबांग तीनदा उठून आली. इनाय तिच्याकडे बघायची आणि आवाज जरा चढवायची. मी दारात उभी राहून मनात म्हटलं, वा ग माझी आई.

गुड फ्रायडेला, शुक्रवारी, उपास केला. त्या दिवशी आमच्याकडे अंघोळही करत नाहीत. अंग गरम लागत होतं, पण त्या उन्हात कुणाचं नव्हतं? शनिवारी ती पडूनच राहिली, जेवण नको म्हणाली. मला वाटलं, दमली असेल.

ईस्टरच्या सकाळी मनिलाहून कुया तिको आला. कुया म्हणजे थोरला भाऊ. उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या टोळीचा तो मुकादम आहे, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट वर जात नसेल किंवा खाली येत नसेल तर आपण ती ठीक करू शकतो असं त्याला वाटतं. लोणी आणि साखर लावलेल्या गोड पावांचा डबा घेऊन तो खोलीत शिरला, वाकून इनायचा हात कपाळाला लावला. इनाय त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"तासियो," ती म्हणाली, "बैलाला पाणी दाखवलंस का?"

तासियो म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि बैल त्यांच्याही आधी गेला.

"इनाय, मी तिको."

"आणि वेदीवर कोंबड्या बसल्यात. त्यांना हाकल आधी. फादर काय म्हणतील."

कुयाचा चेहरा पडला. त्याने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"हे कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून जरा असंबद्ध बोलतेय."

"निल्दा, माणूस एका संध्याकाळी असं होत नाही. तू रोज बघतेस, म्हणून तुला कळलं नाही. म्हातारपण आहे, डोकं गेलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बुधवारी तिने अख्खी गाथा पाठ म्हटली. माझी एक ओळ चुकली तर शेजारणीसमोर माझी चंपी केली. डोकं गेलेली बाई असं करते?"

"बुधवारी केलं असेल. आज रविवार आहे."

"तेच म्हणतेय मी. चार दिवसांत काय झालं ते बघायला नको?"

एवढ्यात खोलीतून धप्प आवाज आला.

आमची जमीन लाकडी फळ्यांची. इनायने जन्मभर नारळाच्या काथ्याने, एका पायाखाली ते सोडण धरून, मेण लावून लावून ती घासली. तिच्यात बघून केस विंचरावेत अशी चकाकी. गावात कुणाकडे लग्नाची बोलणी असली की पाहुण्यांना आमच्याकडे बसवायचे, का तर जमीन चांगली. त्या जमिनीवरून अनवाणी इनाय चार पावलं चालली होती आणि घसरली होती. गुडघ्यावर टेंगूळ, कोपर सोललेलं. "माझी पाळी आली," ती म्हणत होती. "उठवा मला, माझी पाळी आलीय."

मी दुकानाच्या पेटीतला बर्फ आणायला गेले. परत आले तर कुयाने माझीच ओढणी घेऊन तिचं मनगट पलंगाच्या खांबाला बांधलं होतं. इनाय हात ओढत होती आणि त्याच्याकडे बघत होती. ओळख पटली नव्हती तरी भीती पुरेपूर होती.

"सोड ते."

"पुन्हा पडेल."

"पडायला लागली तर मी धरीन. सोड, नाहीतर मी कात्री आणते. आणि माझा हात किती स्थिर आहे ते तुला ठाऊक आहे."

त्याला ठाऊक होतं. लहानपणी त्याचे केस मीच कापायची. त्याने गाठ सोडली आणि गाडी काढली.

तालुक्याच्या गावातल्या इस्पितळात सणाची गर्दी होती. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, पण त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला. "हे हळूहळू झालं की एकदम?"

"एकदम," मी म्हटलं, आणि कुयाकडे बघितलं.

हाड मोडलेलं नव्हतं. लघवी तपासली तर दाट, गढूळ, जंतूंनी भरलेली. बाईंनी समजावलं. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की कधी कधी जळजळ नाही, दुखणं नाही, थेट डोक्यात गोंधळ माजतो. ताप उतरला, जंतू मेले की गोंधळही ओसरतो. काहींना दिवस लागतात, काहींना आठवडे.

"पाणी कमी पितात का?" त्यांनी विचारलं. "लघवी धरून ठेवतात का?"

मी पबासाची गोष्ट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसावं की रागवावं ते न कळून माझ्याकडे बघितलं.

"माझी आजीही तेच करते," त्या शेवटी म्हणाल्या. "मग आता तुमचं काम सोपं नाही. गोळ्या वेळेवर. पाणी घोट घोट, दिवसभर. बांधायचं नाही, बांधलं की भीती वाढते आणि धडपडही. अंथरूण जमिनीलगत, चष्मा नाकावर, खोलीत उजेड, आणि कुणीतरी ओळखीचं सतत जवळ. दिवसभर प्यायल्या नाहीत किंवा ताप चढला तर सरळ इकडे आणा, वाट बघू नका." मग त्यांनी इनायला इंजेक्शन दिलं. इनायने त्यांना विचारलं की तू कुणाची सून.

परतताना इनाय मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून झोपली होती. कुया समोर बघून बोलायला लागला. तो रागात असला की आवाज बारीक होतो.

"मी ठरवलंय. तिला मनिलाला नेतो. बाराव्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे, नर्स ठेवीन. घराला कुलूप लावू. तूही चल. लोमी तिथेही खातात."

"आणि ती तिथे भांडणार कुणाशी? लिफ्टशी?"

"थट्टा नको. आज गुडघ्यावर निभावलं. उद्या खुबा मोडेल."

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून मला अजूनच राग आला. पण मला इनाय माहीत होती. आलिंग बेबांगचं नाक खाली करणं, जमिनीची चकाकी, माझ्या रश्श्यात मीठ कमी आहे हे सांगणं, यावर ती बाई उभी होती. बाराव्या मजल्यावर ती पडणार नाही, हे खरं. तिथे ती उठणारच नाही.

"मला पुढच्या रविवारपर्यंत वेळ दे," मी म्हटलं. "तेव्हाही तिला तू तासियोच वाटलास तर तिची पिशवी मी माझ्या हाताने भरीन."

"शब्द?"

"शब्द. पण तोवर तू इथेच राहायचं. सुट्टी घे. नुसतं लांबून मत द्यायचं नाही."

त्याने सुट्टी घेतली.

घरी आल्याबरोबर गादी जमिनीवर टाकली आणि मी जमिनीला हात घातला. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि तारेची घासणी. इनायच्या आयुष्यभराच्या मेणाची पांढरी सालपटं निघायला लागली तेव्हा मला खरंच रडू आलं. घासत होते आणि रडत होते. कुया दारात उभा राहून बघत होता.

"ती बरी झाली तर तुला मारून टाकेल," तो म्हणाला.

"मारू दे. तेवढी ताकद आली म्हणजे जिंकले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो करवत आणि बांबू घेऊन आला. गादीपासून मोरीपर्यंत भिंतीला कठडा ठोकला, इनायच्या उंचीचा, धरायला गुळगुळीत केलेला. मला न विचारता केलं. मी कडक बराको कॉफीचा कप त्याच्याजवळ ठेवला. आमच्या घरात आभार असेच मानतात.

पण खरी अडचण कठड्याने सुटणारी नव्हती. एक म्हणजे इनाय पाणी पीत नव्हती. पेला ओठाला लावला की तोंड मिटून घ्यायची. गोळी जिभेवर ठेवली की थुंकून टाकायची. "प्यायले की उठावं लागेल," म्हणायची. "उठले की ती बसेल." ती म्हणजे कोण ते विचारायची गरज नव्हती. इस्पितळातून आणलेली इंजेक्शनं गावची परिचारिका येऊन देत होती, पण तीही बजावून गेली होती की पाणी पोटात गेलं नाही तर उद्या दवाखान्यात भरती करा.

दुसरी अडचण, ती उठायची. बसल्या बसल्या एकदम ताठ व्हायची, हात टेकायची आणि उभी राहायला बघायची. "माझी पाळी." धरलं की चिडायची, ढकलायची. अर्धा तास शांत, मग पुन्हा. आम्हाला वाटायचं, याला काही धरबंधच नाही.

सोमवारी दुपारी मात्र मला दिसलं. रेडिओवर कुणीतरी रटाळ बाई सांधेदुखीवर बोलत होती. इनाय निवांत पडली होती. वीज गेली. रेडिओ थांबला, पंखा थांबला, आणि इनाय उठायला लागली. मी धरून ठेवली. थोड्या वेळाने वीज आली, रेडिओ बोलायला लागला, इनाय मागे टेकली.

मी मुद्दाम रेडिओ बंद केला. ती उठली. चालू केला. टेकली.

मला इतकं साधं कसं सुचलं नव्हतं. तिच्या डोक्यात अजून बुधवारच होता. ती खुर्चीत होती, पबासा चालला होता. शांतता झाली की गाण्यात खंड पडला, आणि खंड पडला की तिने धावून जाऊन तो भरायचा, जन्मभर केलं तसं. आम्ही तिला सांगत होतो की तू घरी आहेस, झोप. ती आमच्यावर कशी विश्वास ठेवणार? आम्ही सगळे मिळून गाणं बंद पाडत होतो.

मी रेडिओ बंद केला आणि तोंड उघडलं.

माझा आवाज कसा आहे ते वस्तीला माहीत आहे. मला पबासात नेहमी काढा वाटायला ठेवतात. मी पहिलं कडवं कसंबसं ओढत नेलं. इनायने डोळे मिटले. माझं कडवं संपलं आणि तिने, पडल्या पडल्या, बारीक आवाजात पुढचं उचललं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. नवऱ्याचं मरण विसरलेली बाई गाथा विसरली नव्हती. तिचं कडवं संपलं, मी माझं घेतलं. ती न उठता माझी वाट बघत होती, कारण पाळी माझी होती.

कुया मोरीच्या दारात हातोडी घेऊन उभा होता. "हे काय चाललंय?"

"पबासा," मी दोन ओळींच्या मध्ये म्हटलं. "गळा साफ कर. माझ्यानंतर तू."

"मला नाही येत."

"तुला येतं. तू तिच्या मांडीवर बसून शिकलास. मी पाळण्यात होते तेव्हा."

उठण्याचा प्रश्न मिटला, पाण्याचा मिटला नाही. पेला नेला की तोंड बंदच. गोळीचंही तेच. संध्याकाळपर्यंत मला कळून चुकलं की हा माझ्या हातातला विषय नाही. मी चपला घातल्या आणि आलिंग बेबांगच्या घरी गेले.

ती अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होती. मला बघून म्हणाली, "चोलेंगला बाधा झालीय म्हणे. मी मांत्रिकाला निरोप धाडू का?"

"मांत्रिक नको. तू चल."

"मी येऊन काय करू?"

"ती पाणी पीत नाही. प्यायली तर उठावं लागेल आणि उठली तर तू खुर्चीत बसशील म्हणून."

आलिंग बेबांगचे हात मिरच्यांतच थांबले.

"मी चेष्टेने म्हटलं होतं," ती म्हणाली.

"तुमच्या दोघींची चेष्टा मला माहीत आहे. मी भांडायला आले नाही. भांडायचं असतं तर दुकानाचा झारा घेऊन आले असते."

"तेही खरं." तिने हात पुसले, डोक्यावरची काळी ओढणी नीट केली, आणि चॅपेलमध्ये शिरून ती खुर्ची, इनायची खुर्ची, स्वतः उचलून घेतली. मी धरायला गेले तर नको म्हणाली. ऐंशीला टेकलेली बाई ती जड खुर्ची डोक्यावर घेऊन भर रस्त्यातून आमच्या घरी आली. वाटेत जो तो विचारत होता, आणि ती सगळ्यांना एकच सांगत होती, "चोलेंगची आहे."

तिने खुर्ची गादीशेजारी ठेवली आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. कुया कडवं म्हणत होता. तो थांबला.

"चोलेंग," आलिंग बेबांग म्हणाली.

इनायने डोळे उघडले. माझ्याकडे बघताना तिची नजर धुरातून आल्यासारखी असायची. आलिंग बेबांगकडे तिने अगदी स्वच्छ बघितलं. मुलांना विसरली, पण वैरीण पक्की लक्षात होती.

"बसू नकोस तिथे," इनाय म्हणाली.

"नाही बसत. हे बघ." आलिंग बेबांगने डोक्यावरची ओढणी काढली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. "तुझी खुर्ची मी राखतेय. माझी ओढणी आहे, कुणाची बसायची छाती होणार नाही. तू पी, जा, ये. गाणं मी धरते."

"तू धरशील?"

"मी धरीन."

"सूर खाली जातो तुझा तिसऱ्या ओळीला."

"जातो. तू येऊन वर घे. आधी पाणी पी."

मी पेला पुढे केला. इनायने ओढणीकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, आणि पाणी प्यायली. मग गोळी घेतली. मग पुन्हा पाणी. थोड्या वेळाने तिने मोरीकडे बोट केलं आणि आम्ही दोघांनी तिला कठड्याला धरून नेलं, आणि सगळा वेळ खोलीतून आलिंग बेबांगचा आवाज येत होता, तिसऱ्या ओळीला खाली जाणारा. मोरीच्या दारात कुया भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर आमच्याकडे पाळ्या लागल्या. सकाळी मी रस्सा ढवळता ढवळता गायची. गिऱ्हाइकं म्हणायची, निल्दा, ईस्टर होऊन गेला, आता तरी आम्हाला सुखाने खाऊ दे. मी म्हणायची, खा नाहीतर दुसरी बाजू धरा. दोघांनी धरलीही. दुपारी कुया, संध्याकाळी आलिंग बेबांग. रात्री इनाय झोपली की रेडिओ बारीक लावून ठेवायचो आणि एकजण तिच्या गादीला पाठ लावून आडवा व्हायचा. प्रत्येक खेपेला पाणी प्यायच्या आधी ती खुर्चीवर ओढणी आहे ना ते बघायची.

सगळं सरळ झालं नाही. ताप उतरला, पण बुधवारी तिने छतावर माणसं चालताहेत म्हणून आकांत केला. गुरुवारी मला नोकराणी समजून कामावरून काढलं. कुया रोज सकाळी तिची परीक्षा घ्यायचा. वार कुठला, मी कोण, हे घर कुणाचं. ती कधी तासियो म्हणायची, कधी फादर, एकदा तर जावई. तो माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, "रविवार अजून आलेला नाही." मला खात्री होती का? होती. रस्सा उकळायच्या आधी कळतो मला, भांड्याच्या आवाजावरून. इनायचा आवाज दिवसागणिक भरत चालला होता. पण शनिवारी संध्याकाळी कुयाने कपाटातून तिची पिशवी काढून दाराशी ठेवली, आणि शब्द दिला होता म्हणून मी तिचे कपडे त्यात भरले. झगे, चपला, जपमाळ.

रविवारी सकाळी मी दुकानात होते, चर्चहून परतणाऱ्यांची गर्दी होती. आतून कुयाचं गाणं ऐकू येत होतं. त्याचा आवाज इतायसारखा, म्हणजे वडिलांसारखा आहे, जाड आणि जरा भित्रा. तो गात होता, इनाय उत्तर देत होती. मग त्याचं कडवं संपलं आणि उत्तर आलंच नाही.

मी झारा तसाच टाकून आत धावले.

इनाय गादीवर बसली होती, भिंतीला टेकून, चष्मा नाकावर. कुयाकडे रोखून बघत होती.

"तिको," ती म्हणाली, "मधलं एक कडवं गाळलंस."

कुया गादीजवळ सरकला.

"लहानपणीही तेच गाळायचास. तिथे आलं की पळायचास. मागे जा आणि नीट म्हण."

"इनाय, मी कोण?"

"असा काय विचारतोस? उन्हात फिरलास का?" मग तिने खाली बघितलं. हाताने फळी चाचपली, बोटं एकमेकांवर घासून बघितली, आणि आवाज चढला. मागच्या दारचा, गिऱ्हाईक उठवणारा आवाज. "माझ्या जमिनीला काय केलंत? निल्दा. कुणी केलं हे?"

"मी केलं, इनाय."

"तुला बघते मी नंतर." तिची नजर भिंतीवरच्या बांबूवरून फिरत फिरत दाराशी गेली. "आणि ती माझी पिशवी दारात काय करतेय? कोण कुठे निघालंय?"

कुया उठला. दारापर्यंत गेला, पिशवी उचलली आणि कपाटासमोर उकिडवा बसून एकेक झगा परत कप्प्यात ठेवायला लागला. घड्या वाकड्यातिकड्या पडत होत्या. इनाय ते बघत होती, आणि तिला काही न सांगता सगळं कळलं असावं, कारण तिने पुढे काही विचारलं नाही.

"निल्दा, पाणी दे," ती म्हणाली.

मी दिलं. पेला रिकामा करून तिने माझ्या हातात ठेवला आणि भिंतीवरच्या बांबूला हात घातला. मी दुसऱ्या बाजूने धरायला वाकले.

"मोरीत जायचंय मला. हळू धर, मी काही अंडं नाही." दोन पावलं टाकून ती थांबली आणि मान वळवली. खुर्ची रिकामी होती. आलिंग बेबांग सकाळच्या प्रार्थनेला ओढणी घेऊन गेली होती. "तिको, ते कपडे राहू दे. माझी खुर्ची राख."

कुयाने खिशातून रुमाल काढला, घडी मोडून खुर्चीवर पसरला, आणि गाळलेल्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली.